शेवाळ ग्रहाच्या राजाची चामखीळ

राट्स गिझेला या बाईला मी एकवीस वर्षं ओळखतो आणि त्यातली वीस वर्षं ती घाबरलेली होती. उरलेल्या एका वर्षी ती पाठदुखीमुळे रजेवर होती, त्या वर्षाची मी खात्री देत नाही.

लिफ्टला ती घाबरायची. लिफ्ट बंद असली तर ती का बंद पडली असेल, या विचाराने घाबरायची. पोस्टमन आला की घाबरायची आणि चार दिवस आला नाही की जास्त घाबरायची. रविवारी शहरालगतच्या बुडा डोंगरात जाऊन अळंबी गोळा करायची, बाजारातल्या सरकारी तपासनिसाकडून एकेक तपासून घ्यायची, आणि घरी रस्सा झाला की पहिली वाटी नवऱ्याला वाढायची. अर्ध्या तासाने तो धडधाकट दिसला की मग स्वतः जेवायला बसायची. नवरा बिचारा याला प्रेम समजायचा.

अशा बाईला आमच्या स्टुडिओने चुका शोधायचं काम दिलं होतं, आणि त्याहून योग्य नेमणूक त्या काळात बुडापेस्टमध्ये दुसरी झाली नसेल. घाबरट माणसाइतकं बारीक कोणीच बघत नाही.

१९८३ साल. आम्ही टीव्हीसाठी ‘टिटवी’ नावाची कार्टून मालिका करत होतो. टिटवी हे अंतराळयान. त्यात एक कप्तान, एक कुरकुऱ्या यंत्रमानव आणि वजन नसलेल्या अवस्थेत अंडी घालणारी एक कोंबडी. गोष्टी मी लिहायचो. चित्रं सहा खोल्यांत बसून चाळीस माणसं काढायची, पारदर्शक पानांवर, सेकंदाला बारा. आता चाळीस माणसं म्हटल्यावर एका खोलीत कप्तानाच्या कोटाला तीन बटणं आणि शेजारच्या खोलीत चार, हे आलंच. ते गिझीनेनी पकडायची. (गिझी म्हणजे गिझेला, आणि वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे सगळे नेनीच म्हणतात, दिग्दर्शकसुद्धा तिला नेनीच म्हणायचा, जरी तो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता.) तिच्याकडे लाकडी खणांचं कपाट होतं आणि त्यात हजारो कार्डं. यंत्रमानवाचा डावा अँटेना दुसऱ्या भागात वाकला, तर नवव्या भागातही तो वाकलेलाच हवा. कोंबडीने आजवर किती अंडी घातली, त्यातली किती फुटली, सगळं लिहिलेलं. चूक सापडली की ती चिठ्ठी लिहायची, खाली सही करायची, शिक्का मारायची, आणि मग आपण लिहिलं ते बरोबर आहे ना म्हणून परत जाऊन बघून यायची.

तिच्या आयुष्यातलं मोठं दुखणं म्हणजे स्यूच बार्ना. हा आमचा रंगाऱ्यांतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वाह्यात माणूस. याला चित्रात काहीतरी लपवल्याशिवाय जेवण जात नसे. चंद्रावरच्या खड्ड्यांत नीट बघा, आमच्या कँटीनच्या बाईंचा चेहरा. यानाच्या पोटावर ट्रामचा नंबर. कप्तानाच्या पॅनेलवर शेकडो दिव्यांमध्ये लोणच्याची एक बरणी. मुलांना हे बरोबर सापडायचं. देब्रेत्सेन शहरातल्या एका मुलीने चार पानी पत्र लिहून विचारलं होतं, ‘बरणीतल्या काकड्या पहिल्या भागात सात आणि दुसऱ्यात सहा कशा? कोणी खाल्ली?’ गिझीनेनी ते पत्र वाचून पांढरी पडली. मग तिने बरणीचंही कार्ड केलं. ‘बार्नाची पापं’ असा एक वेगळा खणच होता तिचा. त्याने लपवलेलं सगळं तिला माहीत होतं.

एक सोडून.

आमच्या शेवाळ ग्रहावर एक राजा होता. हिरवा, बेडकासारखा, सभेत झोपणारा आणि जागा होताच ‘सगळे चुकताहेत’ म्हणणारा. तिसऱ्या ते सातव्या भागापर्यंत त्याचं कथानक चालायचं. हे पाच भाग तयार झाले, आणि एप्रिलमध्ये टीव्हीच्या कचेरीतून माणूस पाहायला येणार असं ठरलं. त्याने पाहून कागदावर सही केल्याशिवाय काही दाखवता येत नसे, आणि दाखवायचं तर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बालदिनाला. पूर्वी यायच्या त्या बाई निवृत्त झाल्या होत्या. नवीन माणसाचं नाव होतं कॉम्रेड होल्लोशी. गिझीनेनीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी दहाला ते आले. बारीक, नेटके, हळू बोलणारे गृहस्थ. जिन्यात दिग्दर्शक, मी आणि छातीशी फायली धरून गिझीनेनी. कॉम्रेडनी टोपी काढली. नाकाच्या डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी, तीन केसांसकट चामखीळ.

गिझीनेनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि चक्क गुडघे वाकवून, मान झुकवून नमस्कार केला. राजेरजवाडे गेल्यापासून आमच्या देशात असा नमस्कार कोणी केला नव्हता. दिग्दर्शक खोकला. कॉम्रेड म्हणाले, “पाठ दुखते का?”

“हो, कॉम्रेड,” ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि ते खरंही होतं.

दिग्दर्शक पाहुण्यांना कॉफी आणि पोगाचा नावाचे गरम खारे पाव खायला घेऊन गेला. गिझीनेनीने माझी बाही धरली आणि मला ओढतच रंगाच्या खोलीत नेलं.

“बार्ना! तो माणूस!”

“आला का?” बार्ना ब्रश धूत होता.

“त्याच्या नाकाशेजारी!”

“तिथेच असते त्यांची. फेब्रुवारीत बैठक होती तेव्हा मी अगदी समोर बसलो होतो. दोन तास दुसरं बघणार काय?”

“मेल्या, आणि ती तू राजाला लावलीस? पाच भागांत? पाच?”

बार्नाने ब्रश खाली ठेवला. “मी? नेनी, मी एका दृश्यात लावली. तिसऱ्या भागात राजा खिडकीतून डोकावतो ना, तिथे. सव्वा सेकंद. पंधरा पानं. कोणाच्या बापाला दिसली नसती. बाकीच्या अकराशे पानांवर लावायचा हुकूम कोणी दिला?”

आणि त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्यांतून एक काढून तिच्या हातात दिली. मीही वाकून वाचली. ‘तिसऱ्या भागात राजाच्या नाकाच्या डाव्या बाजूस चामखीळ आहे. इतरत्र विसरलेली दिसते. सर्व भागांत, सर्व बाजूंनी लावावी. राजा पाठमोरा असताना दिसू नये. राट्स.’ खाली शिक्का. सरळ, ठसठशीत.

“तुम्ही सांगितलंत, रंगवणाऱ्या मुलींनी लावली,” बार्ना म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मी म्हटलं, नेनी बदलली! मी तुमच्या नावाने एक पेलासुद्धा प्यायलो.”

गिझीनेनी रंगाच्या डब्यांवरच बसली. “नोएमी,” ती म्हणाली.

नोएमी तिची मुलगी. जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं तिला. गेल्या वर्षी दोन गुणांनी प्रवेश हुकला होता आणि यंदा जूनमध्ये पुन्हा परीक्षा, नंतर मुलाखत. अशा जागांसाठी वरून एखादा शब्द गेला की संपलं, हे सगळेच जाणून होते. तो शब्द टाकू शकणारा माणूस आता वरच्या मजल्यावर बसून पोगाचा खात होता.

“फिल्म हरवली म्हणून सांगू?” मी म्हणालो.

“पाचही?”

“आग लागली म्हणून सांगू.”

“मग खरंच लावावी लागेल,” बार्ना म्हणाला. “नेनी, माझ्यावर ढकला.”

“सही माझी आहे,” ती म्हणाली. ती घाबरली होती, तिचे ओठ निळे पडले होते, पण सही कोणाची याबद्दल ती कधी खोटं बोलू शकली नसती.

अकराला आम्ही छोट्या थिएटरात बसलो. नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची गिझीनेनीची, कारण शंका आली तर उत्तर तिने द्यायचं. मी मागे. तिची मान मला दिसत होती आणि ती मान श्वास घेत नव्हती.

एरवी पाच भाग कधी संपतात कळत नाही. त्या दिवशी मला प्रत्येक चित्र वेगळं दिसलं. आणि त्या पडद्यावर राजाचा चेहरा तीन मीटर रुंद! दारातून आधी चामखीळ आत यायची, मग राजा. तो झोपला की ती घोरण्याबरोबर वरखाली व्हायची. आमच्या मुलींनी काम फार जीव लावून केलं होतं. एकदा प्रोजेक्टरवाला आतून फसकन हसला, आणि मग त्याला कोणीतरी आठवण करून दिल्यासारखा गप्प झाला. चौथ्या भागात मी पाहिलं, कॉम्रेडचा हात हळूच वर गेला. नाकापर्यंत. तिथे थोडा थांबला आणि मांडीवर परत आला.

दिवे लागले. कॉम्रेडनी मंजुरीचा कागद पुढे ओढला. त्यावर एक रकाना असतो, हरकत असल्यास तिचं कारण लिहायचं. त्यांनी पेन उघडलं, त्या रकान्यावर धरलं आणि तसंच धरून ठेवलं. आता तिथे लिहिणार काय? हा बेडूक माझ्यासारखा दिसतो, असं? खाली स्वतःची सही करून, तीन प्रतींत, वरच्या साहेबांकडे?

शेवटी ते म्हणाले, “सातव्या भागाच्या शेवटी नाही.”

“काय नाही, कॉम्रेड?” दिग्दर्शकाने विचारलं. त्याचा आवाज कोंबडीसारखा आला.

“इतर ठिकाणी आहे. राजा हौदात उतरतो, तिथे नाही.”

“बरोबर,” दिग्दर्शक म्हणाला. “म्हणजे... ते. तिथे ते नाही.”

“मलाही वाटलं,” मी मागून म्हणालो, “की काहीतरी तिथे...”

“चामखीळ?” गिझीनेनी उठूनच उभी राहिली. “हौदात चामखीळ नाही? शक्यच नाही! मी स्वतः पाहिलंय. थांबा. उजवीकडून दिसतो. नाही, वळतो. तो वळतो! वळल्यावर दिसायलाच हवी!” तिने फाईल उघडली, पानं उलटली, बोटाने एक ओळ शोधली आणि डोक्याला हात लावला. “सुटली. अरे देवा. कॉम्रेड, माझ्याकडून चामखीळ सुटली.”

एकवीस वर्षांत ती भीती विसरलेली मी तेवढीच पाहिली, अर्धा मिनिट. मग तिला आपण काय बोललो ते कळलं, आणि ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

कॉम्रेड तिच्याकडे बघत होते. “काढायची म्हटलं,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “तर किती काम आहे?”

आम्हाला सगळ्यांना कळलं की हा दरवाजा आहे. थोडं आहे म्हणायचं, दोन दिवस म्हणायचं, आणि पुढचं पुढे बघायचं. मी तिच्या पाठीकडे बघून मनात ओरडत होतो, खोटं बोल, बाई, एकदाच.

“अकराशे चाळीस पानं,” ती म्हणाली. “सगळी खरवडायची, परत रंगवायची, परत कॅमेऱ्याखाली. जुलै उजाडेल.”

“बालदिन?”

“नाही होणार.”

“आणि... दुसरं केलं तर?”

“लावायची तर बावीस पानं. दीड दिवस.” तिने फाईल मिटली. “मी एका दिवसात करून देईन.”

त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग लिहिलं: ‘सातव्या भागाच्या अखेरीस आवश्यक ती दुरुस्ती करून सर्वत्र सारखेपणा आणावा.’ खाली सही. टोपी घातली. दारात थांबून त्यांनी खिशातून छोटी वही काढली. “तुमचं नाव?”

“राट्स गिझेला.”

ते त्यांनी वहीत लिहिलं आणि निघून गेले.

त्या बावीस पानांना तिने बार्नाला हात लावू दिला नाही. “सुटली माझ्याकडून, लावणार मी,” म्हणाली. मालिका बालदिनाला दाखवली गेली, मुलं खूश झाली, आणि मधले सहा आठवडे गिझीनेनीने वहीतल्या नावाचा विचार करून अर्धी होऊन काढले. कोणी तिला बोलावलं नाही, जाब विचारला नाही, पगार कापला नाही. “हेच वाईट,” ती म्हणायची. “ओरडले असते तर कळलं असतं किती ओरडणार आहेत.”

जूनमध्ये, नोएमीची मुलाखत गुरुवारी आणि फोन मंगळवारी. मी शेजारीच होतो. टीव्हीच्या कचेरीतून कॉम्रेड होल्लोशींची सेक्रेटरी. गिझीनेनीने ऐकलं, बोलण्याच्या भोकावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. चेहरा मिठासारखा पांढरा.

“विचारतायत, पुढच्या भागांत राजा आहे का?”

“मग?”

“मग काय? काय सांगू? आहे म्हटलं तर ते चिडतील. नाही म्हटलं तर म्हणतील, घाबरून काढला, म्हणजे पाणी मुरत होतं. लेखक तू आहेस. बोल काहीतरी!”

मी अजून काहीच लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. “तुमच्या कार्डात काय आहे?” मी म्हटलं.

तिने एका हाताने खण उघडला, कार्ड काढलं, वाचलं. “हौदात उतरतो. पुढे काही नाही. मेलेला नाही.”

आणि फोनमध्ये, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी, सरळ उभी राहून म्हणाली, “मेलेला नाही, त्यामुळे आहे.”

पलीकडे कोणीतरी “थांबा” म्हणालं. आम्ही थांबलो. मग पुन्हा आवाज आला. तिने तो ऐकला, “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, कळवते त्यांना.”

“रागाने?”

“आवाजावरून कळलं नाही.” ती खुर्चीवर बसली. “आता गुरुवारपर्यंत मी जगत नाही.”

जगली. नोएमीला जुलैत प्रवेशाचं पत्र आलं. चांगल्या गुणांनी आलं, असं नोएमी म्हणते, आणि ती मुलगी खरंच हुशार आहे. पण गिझीनेनीने ते पत्र वाचलं, पेढे वाटावेत तसा सगळ्या सहा खोल्यांत केक वाटला, आणि संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “त्यांनी शब्द टाकला असेल का रे?”

“वाईट की चांगला?”

“वाईट टाकला असता तर पत्र नसतं आलं. चांगला टाकला असेल तर का टाकला? काय हवंय त्यांना?”

“नेनी, कदाचित काहीच टाकला नसेल. पोरीने अभ्यास केला, बस.”

ट्राम आली, माणसं चढली, तिचा पाय पायरीवर होता.

“असंच असावं,” ती म्हणाली. “पण मी नोएमीला सांगून ठेवलंय, इतकी चांगली डॉक्टर हो, की तुला आत कोणी घेतलं हे विचारायचं कोणाला सुचूच नये.”

दार मिटलं आणि ती आतल्या दांडीला दोन्ही हातांनी धरून निघून गेली.