नाव घातलेला डबा

मुक्ताबाईला स्वस्थ बसलेली वाडीत कुणी पाहिली असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. बाई कसली, भिंगरीच ती. जेवताना एक डोळा चुलीकडे, झोपताना एक कान गोठ्याकडे. तेव्हा करोनाच्या साली सगळ्यांना घरात बसायला सांगितलं, त्यात तिचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच समजा.

त्यात लोणावळ्याचा बाजार बंद. रानातली कोथिंबीर पिवळी पडायला लागली तसं तिचं डोकं फिरलं. एक दिवस भाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती परस्पर लोणावळ्यात गेली. पोलिसांनी हटकलं म्हणून चर्चच्या फाटकाशी वळली. आत मांडवाखाली मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती. घाटाने पायी निघालेल्या मजुरांसाठी तिथल्या फादरनी आणि चर्चच्या मंडळींनी चूल मांडली होती. फिलोमिना नावाच्या निवृत्त नर्सबाई एकट्याच भाकऱ्या थापत होत्या, घामाने न्हाऊन निघाल्या होत्या. मुक्ताबाईला बघवेना. जरा सरका म्हणाली आणि बसली, ती बसलीच. मजूर गेले, पावसाळा लागला, मग घरात अडकून पडलेल्या आजारी लोकांचे डबे सुरू झाले, तरी ही रोज हजर.

आता यात चोरी कसली, असं वाटेल. पण होती. वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा टाकला होता आणि त्याच्याजवळ खुर्ची मांडून कोंडाजी बसायचा. हा मुक्ताबाईचा थोरला चुलतदीर, वाडीचा आबा. नियम एकच, जो लोणावळ्यात जाईल त्याने चौदा दिवस शाळेच्या खोलीत राहायचं. इकडे मुक्ताबाईच्या सुनेला दिवस गेलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. शाळेत जाऊन बसली असती तर सुनेचं कोण करणार? म्हणून रानात चालले असं सांगायचं आणि ओढा ओलांडून सटकायचं. सुनेला काही बाधू नये म्हणून गाय व्यायला आलीय असं सांगून ती गोठ्यात झोपायची. गायीला अजून चांगले दोन महिने अवकाश होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस लोणावळ्यातल्या भांगरवाडीत एका घराच्या फाटकात डबा ठेवायला गेली, तर खिडकीत कोंडाजीची लेक सारिका उभी. ती, नवरा, सासू, तिघंही आजारी. शेजारीपाजारी त्या बाजूला बघतसुद्धा नव्हते. सारिका खिडकीतूनच रडत म्हणाली, "मुक्ताकाकी, आबांना सांगू नका. त्यांना दमा आहे, ऐकलं की धावत येतील."

मुक्ताबाईने शब्द दिला आणि तिथेच तिची झोप उडाली. रोज संध्याकाळी बांबूपाशी कोंडाजी कौतुकाने सांगायचा, सारिकाचा फोन आलता, सगळं ब्येस आहे म्हणती. ही पदर पुढे ओढून मान हलवायची आणि घाईने घराकडे निघायची. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, आणि खरं बोलायची सोय नव्हती. चूल फुंकताना, गायीला पाणी दाखवताना तिच्या मनात तेच घोळायचं.

अशात पंधरा ऑगस्ट आला. त्या लोकांचा तो दुहेरी सण, मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा आणि झेंड्याचा. एरवी आवार माणसांनी फुलून जायचं. त्या वर्षी मिस्सा, म्हणजे त्यांची सणाची प्रार्थना, मोबाइलवर होती आणि आवारात चुलीवरची माणसं तेवढी येणार होती. आदल्या दिवशी फादर म्हणाले, यंदा झेंडा मुक्ताबाई फडकवतील.

तिने लगेच हिशेब मांडला. फोटो निघणार, तो मोबाइलवर फिरणार आणि वाडीत पोचणार. नको म्हणून घरी आली, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. वाडीच्या शाळेचा झेंडा आजवर कोंडाजीच फडकवत आलेला. बायकांनी मागे उभं राहायचं आणि पोरांना गोळ्या वाटायच्या. आपल्याला आजवर कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं तर आपणच पळ काढायचा? पहाटे उठून तिने रानातला झेंडू तोडला. तोंडाला मास्क, डोक्यावर पदर, कोण ओळखतंय?

झेंड्यात तिच्याच झेंडूच्या पाकळ्या बांधल्या. पहिल्या हिसक्याला गाठ सुटेना. मुक्ताबाई चिडली, पदर सावरायचं विसरली आणि हात उंच करून असा हिसका दिला की झेंडा भर्रकन उलगडला आणि सगळ्या पाकळ्या तिच्याच डोक्यावर. राष्ट्रगीत म्हणताना तिचे डोळे भरून आले. इतका आनंद तिला लेकाच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. हात उंच होता त्या क्षणीच फिलोमिनाबाईंनी फोटो काढला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार, चुलीला सुट्टी असणार होती. म्हणून त्या दिवसाचा डबा घरून करून न्यायचा असं ठरवून एकेकाने एकेक घर वाटून घेतलं. मुक्ताबाईने सारिकाच्या घरून आलेला रिकामा डबा उकळत्या पाण्यातून काढून पिशवीत घातला आणि वाडीकडे निघाली.

बांबूपाशी कोंडाजी उभा होता, मोबाइल हातात धरून. फोटो तिच्या आधी पोचला होता.

"ही तुळस कुणाची?" त्याने फोटोतल्या उंचावलेल्या हातावरचं गोंदण दाखवलं. "रानात जातीस व्हय? कुणाच्या घरात गेलतीस?"

मुक्ताबाईने एक नाव घेतलं असतं तर त्याचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. नाव जिभेवर होतं, ते तिने गिळलं.

"सून पोटुशी हाय घरात, जरा तरी लाज धर. चल शाळेत. पिशवी हितं ठेव, फवारायची हाय."

तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. त्याने ओढली. पिशवी फाटली आणि डबा डांबरावर घरंगळत त्याच्या पायाशी गेला. कोंडाजीने तो उचलला. डब्यावर नाव घातलेलं होतं, "चि. सारिका हिस लग्नात आबांकडून." तळेगावच्या दुकानात स्वतः समोर बसून त्याने ते घालून घेतलं होतं.

तो मटकन खुर्चीत बसला. छाती भात्यासारखी हलत होती.

"म्हंजी... तिलाबी?"

"आता बरी हाय. तुमी येऊ नये म्हणून बोलली न्हाई."

"जेवती का?"

"दोन दिस झालं, जेवती. उद्याला अळूचं फदफदं मागितलंय."

कोंडाजीने उपरण्याने डबा पुसला, दोनदा पुसला, आणि तिच्या हातात दिला. मग उठून बांबू वर केला. मुक्ताबाई मात्र जागची हलली नाही. उद्याही वर करणार का, असं तिने सरळ विचारलं.

त्याने बांबू वरच धरून ठेवला.

"अळू माज्या परसातलं ने," तो म्हणाला. "तिला तेच लागतं."