नाशिकचा कंडेन्सर

गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जीपवाल्याशी क्लचप्लेटवरून भांडत होतो. फोन ठेवला आणि तो म्हणत होता त्याच भावात प्लेट देऊन टाकली. असं माझ्या हातून कधी होत नाही. जीपवालाही गोंधळला, प्लेट उलटीपालटी करून बघत राहिला. जव्हारवर धुकं उतरलं होतं. समोरचा एसटी डेपो दिसत नव्हता, नुसते गाड्यांचे आवाज येत होते, आणि त्या पांढऱ्यातून गुरुजी आत्ता छत्री झटकत येतील असं वाटत होतं...

माझं दुकान स्पेअर पार्टचं. सूर्यमाळच्या पाड्यावरून निघालो, भिवंडीच्या गॅरेजांत राबलो आणि परत येऊन हे उभं केलं, कुणाच्या उपकाराशिवाय. गुरुजी सूर्यमाळच्या आश्रमशाळेत शिक्षक, घर जव्हारला. सोमवारी वर जायचे, शनिवारी खाली यायचे, आपल्या जुन्या पांढऱ्या अँबेसेडरमधून. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. इतक्या वर्षांची मैत्री. आणि या माणसाने माझ्या दुकानातून कधी साधा फ्यूज घेतला नाही! पॉइंट, प्लग, कंडेन्सर, सगळं नाशिकहून यायचं. पुडी खिशात ठेवून एसटीतून उतरायचे आणि सरळ माझ्याकडे चहाला यायचे. ती पुडी मला दिसायची. मी विचारलं नाही. ज्याला आपला माल नको, त्याला कारण विचारायला मी काही भीक मागत नव्हतो. पण राग होता, आणि तो मी नीट जपला होता.

गाडीला ते बाई म्हणायचे. ‘बाई आज रुसल्यात.’ मोखाड्याच्या पुढे चढणीवर ती कितीदा बंद पडली असेल. मला पाड्यावर आईला भेटायला जायचं असलं की मी बरोबर असायचो. एकदा अशीच मध्येच थांबली. दोन्ही बाजूंना कारवीची झाडी आणि रस्त्यावरून धूर चालावा तसं धुकं चाललेलं. नुसत्या आवाजावरून मला कळलं होतं की ठिणगी मिळत नाही.

“गुरुजी, कॉइलची तार बघा.”

“थांबा शेठ. आधी पेट्रोल.”

“पेट्रोल काल भरलंय की तुम्ही.”

“असेल. पण हजेरी पहिल्या बाकापासून घेतात.”

मग पेट्रोल, मग बॅटरी, मग एकेक प्लग. मला बॉनेटखाली हात घालू द्यायचे नाहीत. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून धुसफुसत राहायचो. धुक्यात कुठेतरी गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजायची, जवळ की लांब कळायचं नाही. शेवटी ते कॉइलच्या तारेपाशी पोहोचायचे, ती सैल निघायची आणि गाडी चालू व्हायची. “सापडली बघा,” म्हणायचे. जसं काही मी सांगितलंच नव्हतं. आज वाटतं, तो रस्ता, ती घंटा, सगळं मी झोपेत पाहिलं असावं...

दिवसकार्य आटोपलं आणि गुरुजींच्या घरून वहिनींचा निरोप आला. दारातली गाडी चालू होत नव्हती. ठाण्याहून आलेल्या मुलाने नवी बॅटरी बसवली होती, प्लगही बदलले होते. “काका, आता बास,” तो मला म्हणाला. “उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. आज चालू झाली तर आईची, नाहीतर त्याची.” वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

बॉनेट मी पहिल्यांदाच उघडलं. आणि काय सांगू, सरळ कॉइलकडे जाणारा माझा हात आपोआप पेट्रोलच्या नळीकडे गेला. पेट्रोल येत होतं. बॅटरी ठीक. प्लगची तार इंजिनाजवळ धरून मुलाला स्टार्टर मारायला लावला, ठिणगी नाही. कॉइलपर्यंत करंट होता. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, पॉइंट घासले, तरी नाही. शेवटी कंडेन्सरची तार सोडवून पाहिली तर बारीकशी पिवळट ठिणगी उडाली. म्हणजे कंडेन्सर आतून शॉर्ट, सगळा करंट तोच गिळत होता.

“नाशिकचा माल,” मी म्हणालो. इतक्या वर्षांचं तोंडातून निघून गेलं. “आमच्याकडचा घेतला असता तर काय बिघडलं असतं, वहिनी?”

त्या ओट्यावरून खाली आल्या. “मीपण विचारलेलं एकदा. भावजींचं दुकान दारात असताना नाशिकला कशाला जाता म्हणून.”

“मग?”

“म्हणाले, त्याच्याकडून वस्तू घेतली की मी गिऱ्हाईक झालो. गिऱ्हाइकाला तो बसू देत नाय. मला तिथं बसायचंय.”

मी बॉनेटमध्ये वाकूनच राहिलो. हे उत्तर मला अजूनही पटलेलं नाही. मी त्यांना बसू दिलं असतं... बहुतेक. गिऱ्हाइकांना मी उभ्या उभ्याच वाटेला लावतो, हे मात्र खरं.

दुकानातून कंडेन्सर आणून बसवला. स्टार्टर मारला, गाडी दोनदा खोकली आणि लागली. अंगणातल्या धुक्यात धूर मिसळत गेला. मुलाने फोन काढला आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. वहिनी पलीकडून दार उघडून आत बसल्या.

“सूर्यमाळला नेता का, भावजी? शाळेपर्यंत.”

मी चालवायला बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. अँबेसेडरची पुढची सीट अखंड असते, सरकवली की दोघांचीही सरकते. गुरुजी अगदीच ठेंगणे, त्यामुळे ती पार पुढे ओढलेली. वहिनी त्यांच्याहून उंच. त्यांचेही गुडघे डॅशबोर्डला टेकले होते. म्हणजे इतकी वर्षं वहिनी अशाच बसत आल्या होत्या.

“सीट मागे घेतो,” मी खालचा खटका चाचपत म्हणालो. “तुम्हालाही पाय लांब करता येतील.”

“नको,” त्या समोर बघत म्हणाल्या. “सवय हाय.”

मी खटक्यावरचा हात काढला. गुडघे दुमडून आम्ही दोघं धुक्यात सूर्यमाळच्या वाटेला लागलो.