साता विचारणारी माणसं

दोंडाईच्याहून पप्पांच्या दुकानात ट्रंक कॉल आला, तेव्हा मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले होते. फोन ठेवून ते म्हणाले, "विमल गेली." मग डबा बाजूला सारून म्हणाले, "तिचे मोठे दीर सांगत होते, तपस्वी जीव होता, समाधानानं गेला." काही आठवडे झाले, पण त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही.

विमलजीजी माझी चुलत बहीण. जळगावच्या घरात आम्ही एकत्र वाढलो. मी इंग्रजी शाळेत, म्हणून ती मला 'मडम' म्हणायची. "मडम, तुमच्या पुस्तकात शेवभाजीला काय म्हणतात हो?" मी विचार करेपर्यंत माझ्या वाटीतली शेव तिच्या ताटात गेलेली असायची. खाण्यावर इतकं प्रेम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आता तिच्याबद्दल भलतंच सांगितलं जातं.

लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा घास अडायला लागला. छातीच्या मधोमध बोट ठेवून सांगायची, "इथं येऊन बसतो बघ. खाली जातच नाही." मग तो जसाच्या तसा बाहेर पडायचा. घरातल्या बायकांना वाटलं, दिवस गेले. तसं नाही हे कळल्यावर डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, दोन प्रश्न विचारले, तेही तिच्या सासूबाईंना, आणि हिस्टेरिया म्हणून मोकळे झाले. मूल झालं की आपोआप जाईल म्हणे. तेव्हापासून जेवताना सासूबाईंचं सुरू झालं, "आमच्याकडचा घास महाराणींच्या घशाखाली उतरत नाही."

मग चातुर्मास आला आणि जीजीने उपास धरले, एकाला जोडून दुसरा... घरातला सूरच बदलला. आम्हा जैनांत लांबलचक उपास करणाऱ्याची 'साता' विचारायला जातात. जिवाला सुख आहे ना, एवढंच विचारायचं. जीजीकडे माणसांची रीघ लागली. मी गेले तेव्हा ती मागच्या हौदाशी उभी होती. उकळून गार केलेल्या पाण्याचा घोट घ्यायची, दोन्ही हात वर ताणायची, मान मागे टाकायची, आणि तो घोट कसाबसा खाली ढकलायची. मी म्हटलं, "जीजी, कशाला करतेस हे?"

"जेवले नाही तर नखरे म्हणतात. उपास केला की पाया पडतात. पानावर तरी बसावं लागत नाही, मडम."

उपासांवर माझा राग नाही. माझी आजी करते, श्रद्धेनं करते. एका साध्वीजींनी तर जीजीला सरळ विचारलं होतं, "बाई, शरीर सोसतंय ना?" उत्तर दिलं सासूबाईंनी, "पूर्ण साता आहे, महासतीजी."

पारण्याच्या दिवशी तिला उघड्या जीपमधून मिरवलं. पुढे बँड. बायका म्हणत होत्या, चेहऱ्यावर तेज बघा. तो ताप होता. बाजाराला आलेल्या एका खेडूत बाईने तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "देवी शे माय."

उपास सोडताना मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा खोकल्यासरशी परत आला. पप्पांनी कुणाचं न ऐकता तिला धुळ्याला नेलं, मीही सोबत गेले. तिथल्या सर्जननी पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका पिशवीसारखी फुगलेली, आणि खाली निमुळतं टोक. "नळी पोटाशी उघडतच नाही. अन्न उलटून फुप्फुसात जातंय," ते म्हणाले. "क्वचित दिसतो हा आजार. पण याचं ऑपरेशन असतं. आजच दाखल करा, अंगात थोडी ताकद आणू आणि करू."

"म्हणजे हे मनाचं नाही?" जीजीने विचारलं.

"अजिबात नाही."

तिने माझा हात दाबला. "ऐकलंस ना मडम? मी नाटक करत नव्हते." लग्नानंतर ती इतकी आनंदात मला कधी दिसली नव्हती.

मागोमाग आलेल्या सासरच्यांनी मात्र दाखल करू दिलं नाही. मोठे दीर पप्पांना म्हणाले, "गावानं हिला तपस्वी म्हणून मिरवलंय. आता नळी बंद होती म्हणून सांगत फिरायचं का? दिवाळीनंतर बघू." पप्पा भांडले, हात जोडले. सून आमची, म्हणत ते तिला घेऊन गेले. दिवाळीच्या आधीच तो ट्रंक कॉल आला.

आम्ही भेटायला गेलो, तेव्हा बैठकीत मिरवणुकीतला तिचा फोटो मोठा करून लावलेला होता. एका बाईने विचारलं, "शेवटी साता होती ना?" सासूबाई म्हणाल्या, "पूर्ण."

थोड्या वेळाने त्या मला जीजीच्या खोलीत घेऊन गेल्या. माझ्या आईला आठवण म्हणून तिची एक साडी द्यायची होती. साड्यांच्या मागे पत्र्याचा छोटा डबा लागला. आत लिंबाच्या गोळ्या होत्या, गिळाव्या न लागणाऱ्या, तोंडातच विरघळणाऱ्या. काही अर्ध्या चोखून पुन्हा कागदात गुंडाळलेल्या...

"तिला भूक लागायची, काकी," मी म्हटलं.

त्या दाराकडे बघत होत्या. "झाकण लाव. बाहेर बायका बसल्यात."

मी बाहेर गेले आणि डबा त्या फोटोखाली ठेवला, उघडाच.