आमच्या शंभूची बेसबॉल अकादमी

माझा धाकटा भाऊ शंभुलिंग याला एकही काम धड येत नाही, आणि 'मला येत नाही' असं त्यानं आजवर एकाही कामाबद्दल कबूल केलेलं नाही. सख्खा भाऊ आहे म्हणूनच हे सांगायचा हक्क मला आहे. शेळ्या पाळल्या तेव्हा गावातल्या धनगराला शेळीची निगा कशी राखावी ते शिकवायला गेला. शेळ्या मेल्या. मधमाश्यांच्या पेट्या आणल्या तेव्हा अव्वाचा, म्हणजे आमच्या आईचा, डोळा सुजून बंद झाला आणि हा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मधाचे गुण सांगत होता. पेट्या आता कोंबड्यांच्या कामाला येतात. शेत आहे, ते त्याची बायको बघते, म्हणून बरं चाललंय.

असा हा माणूस गेल्या साली एका लग्नाला नळदुर्गला गेला. तिथं पंगतीत शेजारी कोणीतरी बसलं होतं, त्याच्या पुतण्याला म्हणे खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली होती, आणि खेळ कुठला तर बेसबॉल. हा खेळ आपल्याकडं फार कोणी खेळत नाही, म्हणून त्यात गर्दी नाही, एवढंच त्यानं ऐकलं. अणदूरला, आमच्या गावी, उतरला तो घरी न जाता थेट माझ्या पिठाच्या गिरणीत आला.

"अक्का, आपली शिवू फौजदार झाली म्हणून समज," म्हणाला.

शिवू म्हणजे त्याची लेक शिवांजली. तेव्हा पाचवीत होती. मी म्हटलं, "आधी सहावीत तर जाऊ दे तिला."

शिवूच्या शाळेत तो खेळ नुकताच सुरू झाला होता. कृष्णराज सर नावाचे तरुण मास्तर पोरींना शिकवत होते आणि पोरगी रमली होती. घरात मान खाली घालून बसणारी शिवू मैदानावर पळताना मोठ्यानं हसायची. ते हसू मी गिरणीच्या दारातून ऐकलेलं आहे. पण शंभूनं पहिलं काम काय केलं, तर तिला सरांच्या सरावातून काढलं. का, तर "त्या सरला काय कळतंय? पोरगी माझी हाय, म्या तयार करणार." यानं जन्मात हातात बॅट धरलेली नव्हती.

शाळेची बॅट हलकी होती. शंभूच्या मते ती पोकळ, पत्र्याची, पोरखेळाची. त्यानं बलभीम सुताराकडं बाभळीचं लाकूड टाकलं आणि स्वतः उभं राहून बॅट करून घेतली. बलभीमनं विचारलंसुद्धा, "शंभू, बॅट पायजे का मुसळ?" पण ऐकेल तो शंभू कसला! जड बॅटीनं सवय झाली की हलकी फुलावानी वाटंल, हे त्याचं शास्त्र. वर लाठीला पाजतात तसं त्या बॅटीला करडीचं तेल पाजलं. पहिल्याच फटक्याला ती पोरीच्या हातातून निसटून शेजाऱ्याच्या कडब्यात गेली. शंभू म्हणाला, पोरीची पकड कच्ची आहे.

आमच्या गावचा खंडोबा दरवर्षी काही दिवस नळदुर्गच्या देवळात मुक्कामाला जातो, तेव्हा इकडं देवळासमोरची जागा मोकळी असते. तिथं रोज संध्याकाळी शंभूची अकादमी भरू लागली. विद्यार्थिनी एकच. प्रेक्षक मात्र वाट्टेल तेवढे. शंभू एका हातात मोबाईल धरून उभा राहायचा. त्यात कोणी गोरा माणूस इंग्रजीत शिकवत असायचा. शंभूला इंग्रजी येत नाही, पण त्यामुळं तो अडला नाही. "काय म्हनतोय बघा त्यो," असं लोकांकडं बघून म्हणायचा, "कोपर आभाळाकडं ठेव, नजर भुईवर, आन् लाकूड फोडल्यागत वरनं खाली हाण." पोरगी लाकूड फोडल्यागत वरून खाली हाणायची. बॅट मातीत रुतायची, चेंडू पायाशी पडून राहायचा, लोक हसायचे. मग शंभू लोकांना सांगायचा, "पोरीत दम न्हाय."

दम होता. पण उलट्या बाजूला होता. शिवू जन्मापासून डावखुरी आहे. पहिला खडा तिनं डाव्या हातानं उचलला, पहिली रेघ डाव्या हातानं मारली. आणि तेव्हापासून शंभू तिच्या त्या हाताच्या मागं लागलेला. जेवताना डावा हात पाठीमागं. प्रसाद घेताना चापट. अभ्यासाला बसली की हा शेजारी बसून तिचं डावं मनगट मुठीत धरून ठेवायचा आणि तिला उजव्या हातानं लिहायला लावायचा. बॅट धरायचीही उजव्या हाताच्या माणसासारखीच. "डाव्या हातानं सुरू केलेलं काम शेवटाला जात न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेळ्या आणि मधमाश्या यानं कुठल्या हातानं सुरू केल्या होत्या, हे मी त्याला एकदा विचारलं. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. सुखाचे गेले.

मग जिल्ह्याच्या संघाची निवड जाहीर झाली. धाराशिवला जायचं होतं. शंभूनं लोकांसमोर सांगून टाकलं, "निवड झाली तर ठीक, न्हाय तर बॅट चुलीत आन् पोरगी घरात. परत मैदानाचं नाव काढायचं न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. बापानं कडक असावं, असं लोकांना फार वाटतं, दुसऱ्याच्या घरात.

त्या संध्याकाळी शिवू गिरणीत आली. मनगट सुजलेलं. म्हणाली, "आत्या, बॅट चुलीत गेली तर जाऊ द्या. पर मला खेळायचंय."

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मी काही शंभू नाही, कळत नाही तिथं गप्प बसता येतं मला. मी एका जुन्या पायमोज्यात चिंध्या कोंबल्या, त्याचा चेंडू केला आणि गिरणीच्या तुळईला सुतळीनं टांगला. दार लावून घेतलं. दळणाच्या पोत्यापाशी लाटण्याएवढं लांब एक हलकं दांडकं पडलं होतं, ते तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तुला बरं वाटेल तशी उभी राहा. मी तोंड तिकडं करते."

चोरून बघितलं, तर ती खांद्यावरून दाराकडं बघत बघत डाव्या बाजूला वळली. हात बदलले. आणि मारलं. वरून खाली नाही, आडवं, कंबरेतून फिरून. पायमोजा तुळईला वेढा घालून आला. तिचं तिलाच हसू फुटलं. त्यानंतर रोज अकादमी सुटली की ती माझ्याकडं यायची. मी एवढंच करायची, की गुंतलेली सुतळी सोडवायची, चेंडू पुन्हा टांगायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. कधी पाय पुढं पडतोय असं वाटलं तर ती स्वतःच थांबायची आणि पुन्हा उभी राहायची. कोणी मनगट धरलेलं नसलं की पोराला स्वतःची चूक दिसते.

निवडीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. शंभू पूजेला बसला होता. आमच्यात इष्टलिंगाची पूजा असते. लिंग तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं, दुसऱ्या हातानं विभूती, बेल वाहायचा. शंभूची पूजा गल्लीला ऐकू जाते. त्यानं शिवूलाही शेजारी बसवलं होतं. तिचीही दीक्षा झालेली आहे. तिनं लिंग तळहातावर घेतलं आणि हात जरासुद्धा हलला नाही. शंभूचा मात्र थरथरत होता, एवढ्या मोठ्यानं मंत्र म्हणत होता तो.

पूजा संपल्यावर शिवूनं विचारलं, "अप्पा, लिंग डाव्या तळहातावर का घेत्यात?"

"तसंच घेत्यात. रीत हाय."

"मग डावा हात वाईट कसा?"

अव्वा कोपऱ्यात बसली होती, ती पदरात तोंड घालून हसली. शंभूनं कपाळावरची विभूती पुसली, पुन्हा लावली आणि म्हणाला, "देवाचं येगळं, खेळाचं येगळं. चल, गाडी चुकंल."

धाराशिवच्या मैदानावर बाभळीची बॅट निवड करणाऱ्यांनी हातातही घेतली नाही, बाजूला ठेवायला सांगितली आणि तिथलीच एक हलकी बॅट दिली. शंभूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी गिरणी बंद ठेवून आले होते, त्याचं सार्थक तिथंच झालं. मला मैदानावर पहिल्यांदा कळलं, की जिथं उभं राहून मारायचं, तिथं मातीत एक पांढरी पाटी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना चुन्यानं चौकटी आखलेल्या असतात. एक उजव्याची, एक डाव्याची. ज्यानं हा परका खेळ काढला, त्यानं डावखुऱ्याला जागा आखून ठेवली होती. आमच्या घरात मात्र ती नव्हती.

शिवूचं नाव पुकारलं. ती उजव्याच्या चौकटीत गेली. शंभू दोरीपाशी उभा राहून ओरडत होता, "कोपर! आभाळाकडं!" पहिला चेंडू चुकला. दुसरा चुकला, बॅट मातीत घासली. तीन चुकले की संपलं. तिनं मागं वळून बापाकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी गिरणीत करायची तेच केलं. तोंड दुसरीकडं फिरवलं.

पुन्हा बघितलं तेव्हा ती पांढरी पाटी ओलांडून पलीकडच्या चौकटीत उभी होती. शंभू ओरडला, "शिवे! तिकडं न्हाय!" चेंडू आला. ती कंबरेतून फिरली, आडवी. आवाज असा आला की शेजारच्या मैदानावरची पोरं वळून बघू लागली. पुढचा तसाच. त्याच्या पुढचा जरा तिरका गेला आणि उडत येऊन दोरीबाहेर शंभूच्या पायाशी पडला.

शंभू गडबडला होता. त्यानं वाकून चेंडू उचलला आणि मैदानात परत फेकला. सरळ, लांब, टाकणाऱ्या पोरीच्या थेट हातात. डाव्या हातानं.

त्याला स्वतःला कळलं नाही. मला कळलं. लहानपणी आमच्या वडिलांनी त्याचा तो हात कापडानं पाठीला बांधून ठेवलेला मी बघितलाय. तो हात उघडा असता तर त्याचं एखादं काम शेवटाला गेलंही असतं, कोण जाणे. मला त्याची कीव आली. फार वेळ टिकली नाही.

कारण निवड झाली आणि एसटी तुळजापूरला पोचेपर्यंत शंभूनं कंडक्टरला सांगून झालं होतं, की डावखुरा खेळाडू पळायच्या बाजूला दोन पावलं जवळ असतो, आणि पोरीला ऐनवेळी डावीकडं उभी करायची ही आपली युक्ती. अणदुरात उतरल्यावर तर विचारूच नका. आता देवळासमोर त्याच्या अकादमीत गावातली इतरही पोरं येतात आणि तो सगळ्यांना डाव्या हातानं बॅट धरायला लावतो. गल्लीतल्या कल्याणप्पाचा नातू धडधडीत उजवा आहे. तो मातीत बॅट आपटतो आणि शंभू लोकांना सांगतो, पोरात दम नाही. अभ्यासाला मात्र शिवूचं डावं मनगट अजून धरतोच; खेळाचं वेगळं, लिहिण्याचं वेगळं.

परवा संध्याकाळी दळण द्यायला त्यांच्या घरी गेले. ओट्यावर शंभूची कथा रंगली होती, चारजण ऐकत होते. आत शिवू अभ्यासाला बसली होती. माझं डोकं तापलेलंच होतं. तिला म्हटलं, "तू का गप्प? जाऊन सांग की सगळ्यांना, काय झालं ते."

शिवूनं मान वर केली नाही. वहीत लिहीत होती. डाव्या हातानं, भरभर, मनगट मोकळं.

"बोलू द्या की त्यांना, आत्या," म्हणाली. "बोलताना त्यांचं माझ्याकडं ध्यान नसतंय."