डोरथीबाईंचं लाल फूल

आता काय सांगू तुम्हाला, एका फुलापायी मी माझी कशी शोभा करून घेतली! आठवलं तरी दम लागतो. पण तुम्ही चहा पुढे केलात, म्हणून सांगतो.

गोष्ट अमेरिकेतल्या फ्रीमाँटची, ऐंशीच्या दशकातली. कंपनीत नव्या चिपचं काम अंगावर आलेलं. आठवड्याचे सहा दिवस मी तिथंच पिचत होतो. सातवा दिवस रविवार, तर नेमकी संकष्टी! सकाळी बायको, वर्षा, म्हणाली, "अहो, गणपतीला लाल फूल नाहीये. जरा ड्राइव्ह करून घेऊन या ना."

ड्राइव्ह? मला जिना उतरवत नव्हता!

कसाबसा मागच्या दारी गेलो. शेजारच्या डोरथीबाईंच्या कुंडीतलं एक लालभडक फूल कुंपणातून चक्क आमच्याकडे आलेलं. आमच्या साताऱ्यात कुंपणाबाहेर आलेलं फूल देवासाठी घेतलं तर त्याला कुणी चोरी म्हणतं का? घेतलं, गणपतीला वाहिलं आणि पुन्हा झोपलो.

दुपारी कुणाच्या तरी रडण्यानं जाग आली. मागच्या दारी गेलो, तर सत्तरीच्या डोरथीबाई कुंडीपाशी उभ्या, शेजारी हातात भिंग घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. बाईंनी रडतरडत सांगितलं, त्यांच्या नवऱ्यानं, हॅरीनं, वारण्याआधी ग्रीसच्या डोंगरावरून तो कंद आणला होता. तीन वर्षं नुसती पानं! फूल आल्याशिवाय जात कळणार नव्हती. आज पहिलं फूल उमललं, म्हणून हे भूमध्य समुद्राकडच्या रानफुलांचे जाणकार दोन तास गाडी हाकत आलेले.

आणि फूल गायब!

खरं सांगायचं होतं हो! पण तोंडातून निघालं, "वाऱ्यानं पडलं असेल. थांबा, शोधतो."

धावत देव्हाऱ्यापाशी गेलो, फूल उचललं, त्यावर फुंकर मारली आणि आमच्या गवतात येऊन ओरडलो, "सापडलं!"

गृहस्थांनी भिंग लावलं. बघतायत, बघतायत, बघतच बसले.

"अ‍ॅनेमोनी वाटतंय. पण त्याचे पराग काळपट निळे असतात. ही पिवळी पूड कसली? आणि हे लाल कण?"

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे कदाचित नवीनच जात!"

बाई पुन्हा रडल्या, या वेळी आनंदानं. "याला हॅरीचं नाव द्यायचं!"

मला तोंड लपवायला जागा मिळेना. तेवढ्यात आमच्या दारातून वर्षाचा आवाज, "अहो, गणपतीवरचं फूल कुठं गेलं? आत्ताच हळदकुंकू वाहिलं होतं!"

"काय म्हणतेय ती?" डोरथीबाईंनी कुतूहलानं विचारलं.

भाषांतरात काहीही खपलं असतं. पण दमलेल्या माणसाला एका दिवसात दुसरं खोटं सुचत नाही. मी सगळं सांगून टाकलं.

गृहस्थांनी फूल पाण्यात बुडवलं. हळद गेली, कुंकू गेलं, नवीन जातही गेली.

"साधं अ‍ॅनेमोनी," ते म्हणाले. "तिकडे डोंगरभर उगवतं."

बाईंनी फूल पाण्यातून अलगद उचलून तळहातावर घेतलं. मला इतकी लाज वाटत होती की त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या देवाला आवडलं का?"

"हो," मी पुटपुटलो.

"मग त्याला सांग, पुढच्या वेळी माझ्या दाराची बेल वाजवता येणारा माणूस पाठव."