झेंड्यातलं भोक

जाळ्याचा कुजलेला तुकडा कापला की मला मिहाई आठवतो. तरुणपणी आम्ही एकाच मालवाहू बोटीवर खलाशी होतो. त्याच्या रोमानियातला हुकूमशहा पडल्याची बातमी आली, तशी त्याने आपल्या देशाचा झेंडा घेऊन मधलं सरकारी चिन्ह कात्रीने गोल कापून टाकलं. मी रापणकराचा मुलगा, किनाऱ्यावर जाळी सांधत वाढलेला. भोक दिसताच सुई-दोरा घेऊन धावलो.

त्याने माझा हात धरला. “शिवू नकोस. यासाठी आमची पोरं मेलीत.” मग त्या भोकातून तो कितीतरी वेळ समुद्राकडे बघत राहिला. मला तेव्हा तो खुळा वाटला.

आता कापलेलं जाळं समोर धरून त्यातल्या भोकातून मीही तसाच बघत बसतो. “दमलात तुमी, उद्या सांधा,” बायको म्हणते. समोर समुद्र आहे. मला मात्र सांधायचं भोक तेवढं दिसतं.