मास्तरांचा खालचा ओठ

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. माणूस तापट. बेसूर वाजवणाऱ्याला चारचौघांत फाडून खायचा आणि मग स्वतःच चहा पाजायचा. मास्तर हळवे होते ते फक्त स्वतःच्या खालच्या ओठाबद्दल. क्लॅरिनेट वाजवताना हा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यावा लागतो. त्याच्यावर वाद्याची पत्ती टेकते, आणि ती किती दाबायची हे कानाच्या आधी ओठाला कळतं. थंडीत मास्तर त्याला मलम लावून मफलर गुंडाळून बसत. बायको म्हणे, "इतकी काळजी माझी घेतली असती तर मी अजून तिशीतली दिसले असते."

त्यांची खालची, उजवीकडची, अगदी शेवटची दाढ वर्षभर ठणकत होती. अक्कलदाढ. बायकोने सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या, पण मास्तर ढिम्म. ते दाढेत लवंग धरत, डाव्या बाजूने चावत, वाद्यही जरा डावीकडे सरकवून वाजवत. गाल सुजून तोंड उघडेना झालं तेव्हा कुठे जीव मुठीत धरून ते दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची, पण आडपडदा न ठेवणारी. गोळ्यांनी सूज उतरवली आणि मग तिने एक्स-रे उजेडासमोर धरला. "काका, ही दाढेची दोन मुळं. आणि खाली ही जी नळी दिसतेय, तिच्यातून ओठाची नस जाते. मागचं मूळ तिला टेकलंय."

"म्हणजे?"

"काढताना नस दुखावली तर ओठाची उजवी बाजू बधिर राहू शकते. बहुतेकांची काही आठवड्यांत, काही महिन्यांत पूर्ववत होते. एखाद्याची नाही होत."

मास्तरांनी ओठावरून बोट फिरवलं. "नाही काढली तर?"

"पू जबड्यात उतरतोय. मग नुसत्या ओठावर भागणार नाही."

अशी निवड करायला लावणाऱ्या देवाला मास्तरांनी मनातल्या मनात एक अस्सल शिवी हासडली आणि खुर्चीत बसले.

इंजेक्शन जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात दिलं. थोड्या वेळाने ओठ जड झाला, मग परका झाला, मग नाहीसाच झाला. आता हा परत येणार की नाही, हा एकच विचार मास्तरांच्या डोक्यात. शेजारच्या ताटलीत हत्यारं मांडलेली होती. ती बघू नयेत असं ठरवून त्यांनी सगळी बघितली.

दाढ उपटतात ही आपली समजूत. खरं तर आधी तिची जागा सैल करतात. डॉक्टरिणीने हिरडी सोडवली, एलिव्हेटर नावाचं बोथट पात्याचं हत्यार दाढ आणि हाडाच्या फटीत घातलं आणि मनगट हळूहळू फिरवलं. मग पकड. खालच्या दाढेची पकड वेगळी असते, तिची टोकं गाईच्या शिंगांसारखी वळून दोन मुळांच्या बेचक्यात शिरतात. डाव्या हाताने जबडा खालून तोलून डॉक्टरीण दाढ एकदा गालाकडे, एकदा जिभेकडे कलवत राहिली. दुखत काहीच नव्हतं. पण मास्तरांचा कान तयारीचा, आणि हाडातून येणारा आवाज थेट कवटीत घुमत होता. कटकन काहीतरी मोडलं.

"वरचा भाग तुटला," ती शांतपणे म्हणाली. "किडलेला होता. मुळं वेगळी करून काढू."

ड्रिल गरगरलं. दाढ मधोमध चिरून पुढचं मूळ आधी निघालं. त्या रिकाम्या खड्ड्यातून आकड्यासारखं बारीक हत्यार घालून ती मागच्या मुळाला हुसकू लागली. मागचं, म्हणजे नसेला टेकलेलं. मास्तरांनी खुर्चीचे हात इतके आवळले की बोटं पांढरी पडली. मूळ निघालं. टाके पडले.

"खड्ड्यात रक्ताची गाठ बनते, ती जखमेचं झाकण. थुंकायचं नाही, चोखायचं नाही, फुंकर मारायची नाही. वाजवणं तर विसराच."

संध्याकाळ झाली तरी ओठ परतला नव्हता. आरशात दिसत होता, पण हाताला लागे तो कुणा दुसऱ्याचाच. बायको दूध आणायला गेली आणि मास्तरांचा धीर सुटला. एकच सूर, फार तर अर्धा. त्यांनी क्लॅरिनेट जोडली, बोटाने ओठ दातांवर दुमडला आणि फुंकलं. उजव्या कोपऱ्यातून नुसती हवा गेली, लाळ गळली आणि तोंडात खारट चव आली. त्यांनी पत्ती पुसून वाद्य पेटीत ठेवलं आणि बायकोला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा जाऊ लागल्या, तेव्हा बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरिणीने खड्ड्यात डोकावून विचारलं, "फुंकलंत ना?" मास्तरांनी नजर छताकडे वळवली. बायकोने कपाळावर हात मारला. गाठ निसटून आतलं हाड उघडं पडलं होतं. खड्डा धुऊन, औषधाची पट्टी भरून डॉक्टरीण म्हणाली, "ही कळ फुंकरीची आहे, ती थांबेल. ओठाचं वेगळं. डोळे मिटा. मी कापूस लावते, कळला की हात वर करा."

मास्तरांनी डोळे मिटले. सगळा जीव ओठाच्या उजव्या बाजूला गोळा केला. आयुष्यात कुठला सूर त्यांनी इतका कान देऊन ऐकला नव्हता. आणि कळलं. मऊ, गार, कोपऱ्याच्या जरा आत. त्यांनी हात वर केला. पुन्हा कळलं, पुन्हा हात. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

"आला," ते पुटपुटले. "आला परत."

त्यांनी डोळे उघडले. बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होती. डॉक्टरिणीच्या चिमट्यात कापूस होता, आणि तिचा हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होता.

"काका," ती म्हणाली, "मी अजून लावलाच नाहीये."